पाण्याकडची वाट कुणाची?

चुलीवर दूध ठेवून ऐकत असाल, तर आधी दूध उतरवून घ्या. आजचं बोलणं जरा लांबणार आहे.

आज हप्त्याबद्दल, व्याजाबद्दल बोलायचं नाही. आज बोलायचंय एका वाटेबद्दल. माईकसमोर एकच जण बसलेली असली, तरी बोलणं आमच्या गटातल्या बारा जणींचं आहे. काय बोलायचं ते बैठकीत ठरवून, वहीत लिहून आणलंय.

आमचं गाव निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्याकाठी. गोदावरी आणि कादवा या दोन नद्या इथे मिळतात. त्या संगमावर शंभर वर्षांहून जुना बंधारा आहे. वर गंगापूर, दारणा या धरणांतून पाणी येतं, बंधाऱ्याशी थांबतं आणि कालव्यांनी खाली कोपरगाव, राहात्याकडे जातं. बंधारा बांधला तो शेतीसाठी. पण पाण्याबरोबर गाळही आला आणि थांबला. गाळाची बेटं झाली, उथळ डबकी झाली, त्यांत लव्हाळा माजला, पाणवनस्पती आल्या. मग मासे आले आणि माशांमागून पाखरं. आज इथे अडीचशेहून जास्त जातींची पाखरं दिसतात. १९८६ साली हे अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये ‘रामसर’च्या यादीत नाव जाहीर झालं. महाराष्ट्रातलं ते पहिलं. मागून लोणार आलं, ठाण्याची खाडी आली. रामसर हे इराणमधल्या एका शहराचं नाव आहे. तिथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागा जपायचा करार झाला, म्हणून दरवर्षी २ फेब्रुवारीला पाणथळ दिवस पाळतात.

आता आमच्या वाटेकडे येऊ. पर्यटकांसाठी रीतसर प्रवेश आहे तो चापडगावच्या बाजूनं. तिथे फाटक आहे, तिकीट आहे, पाखरं बघायचे मनोरे आहेत, गावातलीच मुलं वाटाडे म्हणून काम करतात. आमच्या गावाची वाट ती नव्हे. आमची आहे साधी पाणंद. दोन्ही बाजूंनी ऊस, मध्ये द्राक्षाचे दोन मळे, पुढे कांद्याचे वाफे, आणि शेवटी उतार संपला की पाणी. या पाणंदीनं ट्रॅक्टर जातो, बैलगाडी जाते, शाळेतून पोरं मळ्यात परत जातात. आणि रोज सकाळी आमच्यातल्या चौघी-पाचजणी विळा घेऊन बांधावरचं गवत कापायला जातात. त्यांतल्या तिघींच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. दुसऱ्याच्या बांधावरचं गवत आणि घरची एक गाय, एवढाच त्यांचा संसार.

तीन हिवाळ्यांमागे या पाणंदीला एक मोटार आली. नाशिकची माणसं होती, वाट चुकून आली होती. पाण्यापाशी उभी राहिली, फोटो काढले आणि विचारलं, “मावशी, इथे चहा मिळेल का?” आमच्या मावशींचं घर पाणंदीच्या टोकाला, पाण्याजवळचं शेवटचं. त्यांनी चहा केला, पैसे घेतले नाहीत. पुढच्या रविवारी तीच माणसं आणखी दोन मोटारी घेऊन आली आणि पैसे देऊनच गेली.

बैठकीत ही गोष्ट निघाली. आपल्याला माहीत आहे, गटाला एखादा धंदा सापडला की बैठकीला कशी हुशारी येते. गटातून अंतर्गत कर्ज घेतलं, मावशींच्या अंगणात छपरी घातली. पिठलं-भाकरी, ठेचा, थंडीच्या दिवसांत कुळथाचे शेंगोळे. मावशी त्यांच्या खळ्यात मोटारी लावू द्यायच्या, मोटारीमागे वीस रुपये. डिसेंबर-जानेवारीतल्या रविवारी चार पैसे खरोखर सुटायला लागले. दोघींनी त्यातून मुलींची फी भरली. हे आम्ही लपवणार नाही, कारण पुढचं सगळं समजायला ते लागतं.

आम्ही त्या लोकांना तिकीट कधी विचारलं नाही. चापडगावला जायला हवं, असंही सांगितलं नाही. आपल्या दारात आलेलं गिऱ्हाईक कोण परत पाठवतं?

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारची सकाळ, धुकं नुकतंच विरत होतं. गवताचा भारा डोक्यावर घेऊन आमच्यातली एक ताई पाणंदीनं वर येत होती. समोरून एकामागे एक चार मोटारी. पाणंद ती केवढी! पहिल्या मोटारीनं भोंगा वाजवला. ताई कडेला झाली, कडेला पाटाचा चिखल. पाय घसरला, भारा एकीकडे आणि ताई दुसरीकडे. मनगट सुजलं, पंधरा दिवस गवत कापता आलं नाही. मोटारीतली माणसं वाईट नव्हती. उतरली, हात धरला, दवाखान्यात नेऊ का म्हणाली. पण तेवढ्यात मागच्या मोटारीतली पोरं पाण्याकडे पळाली आणि काठावर बसलेला अख्खा थवा उठला. आभाळ भरून गेलं. पोरं आनंदानं ओरडली. सगळ्यांनी मोबाईल वर केले.

ताई चिखलात बसल्या जागेवरून म्हणाली, “ही सगळी आपल्याच भाकरीला आली आहेत ना?”

ते वाक्य आम्हांला लागलं.

त्याच आठवड्यात वनरक्षक दादा आले. रागावले नाहीत. छपरीत बसले, चहा घेतला आणि म्हणाले, “ताई, या वाटेनं पर्यटक बिनपरवाना आत जातात. असंच वाढत गेलं, तर ही वाट बंद करण्याचा विचार करावा लागेल.” आम्ही म्हटलं, वाट आमची आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ते म्हणाले, “शेतवाल्यांची आहेच. पण बाकीच्यांचं काय, ते बघावं लागेल.”

बाकीचे म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. आम्हांला न सांगता कळलं. बाकीच्या म्हणजे त्या तिघी.

मैत्रिणींनो, इथे थोडी कायद्याची गोष्ट सांगतो, कारण अभयारण्याजवळ राहणाऱ्या प्रत्येक बाईला ती माहीत हवी. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्याचं २७ वं कलम अभयारण्यात कोण जाऊ शकतं ते सांगतं. कामावर असलेला सरकारी नोकर, रीतसर परवानगी घेतलेला माणूस, आतमध्ये ज्याचा जमिनीवर किंवा घरावर हक्क आहे तो, त्याच्यावर अवलंबून असलेली घरची माणसं, आणि सार्वजनिक रस्त्यानं पार जाणारा. पर्यटनासाठी परवानगी देण्याची सोय २८ व्या कलमात आहे. तिकीट घेऊन आत जाणारा पर्यटक असा परवानगीनं जातो. आता या यादीत आपापलं नाव शोधा. सातबारा असलेली सापडेल. पण जिच्या नावावर काहीच नाही, ती गवत कापणारी बाई यात कुठे बसते? तिचं जाणं-येणं आजवर चालत आलं ते शेजारधर्मानं, ओळखीवर. वाटेला गर्दी झाली, भांडण झालं, फाटक लागलं, की पहिली बाहेर राहते ती. मोटारवाल्याला दुसरीकडे तिकीट मिळतं. तिला गवत दुसरीकडे मिळत नाही.

म्हणजे छपरी आम्ही घातली होती गटातल्या सगळ्यांसाठी, आणि तिच्यामुळे वाट जाणार होती आमच्यातल्याच सगळ्यांत गरीब तिघींची.

तरीही दोन बैठका नुसत्या भांडणात गेल्या, हेही सांगून टाकतो. निम्म्या जणी म्हणाल्या छपरी उठवा. निम्म्या म्हणाल्या, पाखरांना काय धाड भरलीय, इतकी वर्षं आपण तिथून जातोय, ती कधी उडतात का? हा प्रश्न मात्र खरा होता. आपण भारा घेऊन जातो तेव्हा पाखरं उडत नाहीत, आणि पाहुणे गेले की उडतात. असं का?

म्हणून ठरलं, आधी बघून येऊ. बाराही जणी चापडगावला गेलो. तिकीट काढलं. हसू नका, पण जन्म पाण्याकाठी गेला, आणि पाखरं बघायला म्हणून आम्ही पहिल्यांदाच गेलो. सोबत आमच्या गटातल्या आजी होत्या. वाटाड्या मुलानं दुर्बीण उभी केली, आजींनी डोळा लावला आणि एकदम मागे सरकल्या. “अगं, ही तर माझ्याकडेच बघतेय!” समोर लव्हाळ्यात जांभळी पाणकोंबडी होती, लाल चोचीची. आजी शेतात जाता-येता ती लांबून बघायच्या, पण तिच्या अंगावरचा निळा-जांभळा रंग त्यांनी त्या दिवशी पाहिला. नंतर चमचे पाहिले, चपट्या चोचीनं पाणी इकडून तिकडे ढवळणारे. शेकाट्या पाहिले, काडीसारख्या लाल पायांचे. वारकरी पाहिले. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून नाव वारकरी.

तो मुलगा जे सांगत होता ते आम्ही वहीत लिहून घेतलं. ते तुम्हांलाही सांगतो.

पाखरू एकदम उडत नाही. आधी ते चरायचं थांबतं आणि मान वर करतं. तरीही माणूस पुढे आला, तर ते चालायला किंवा पोहायला लागतं, हळूहळू लांब जातं. आणि मग उडतं. म्हणजे उडण्याआधी दोनदा सांगतं. मान वर झाली की जागीच थांबायचं. ती खाली गेली, पाखरू पुन्हा चरायला लागलं, की मगच हलायचं. आपल्या शेळ्या-कोंबड्यांकडे बघून आपल्याला हे कळतंच, फक्त इथे लावून पाहिलेलं नसतं.

दुसरं, माणूस सरळ अंगावर येतोय की बाजूनं जातोय, हे पाखराला कळतं. आपण बाजूनं जातो, आपल्या कामात असतो, रोज त्याच वेळी त्याच वाटेनं जातो. त्याची त्यांना सवय होते. पाहुणा सरळ पाण्याकडे जातो, थांबतो, रोखून बघतो, आणखी दोन पावलं पुढे टाकतो. शिकारी प्राणी असाच तर येतो. गंमत म्हणजे उभ्या मोटारीला पाखरं फारशी बुजत नाहीत. मोटारीचं दार उघडून माणूस उतरला की बुजतात.

तिसरं, उडण्याची किंमत. पट्टकदंब नावाचा हंस इथे थंडीत येतो. राखाडी-पांढरा, डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. तिबेट, मंगोलिया, लडाख या बाजूला त्याची वीण होते, आणि तो हिमालय ओलांडून येतो. परत जातानाही तोच डोंगर ओलांडायचा असतो. त्यासाठी थंडीभर खाऊन अंगात चरबी साठवावी लागते. दिवसातून दहा वेळा उडवलं, तर खाणं बुडतं आणि साठवलेलं खर्च होतं. आपल्या भाषेत सांगायचं, तर बचत चालू असताना रोज कुणीतरी खात्यातून पैसे काढून नेतंय. आम्हांला हे लगेच कळलं.

आजींनी परतताना टिटवीची गोष्ट काढली. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जोरात, असं आपली जुनी माणसं सांगतात. टिटवी, शेकाट्या, नदी सुरय ही सगळी जमिनीवरच अंडी घालतात, खड्यांसारखी दिसणारी. गवताची काडी इकडची तिकडे न करणारा माणूसही वाट सोडून चालला तर पाय त्यांच्यावर पडू शकतो. म्हणून वाटेवरून खाली उतरायचं नाही, हा नियम उन्हाळ्यात तर जास्तच पाळायला हवा.

आमच्या जागेला ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणतात. तेव्हा खऱ्या भरतपूरची गोष्टही सांगायला हवी. राजस्थानातलं हे केवलादेव अभयारण्य १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि आजूबाजूच्या गावांची गुरं आत चरायला बंद झाली. लोकांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं दगावली. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांना तिथे एक गोष्ट दिसली. म्हशी चरायच्या बंद झाल्यावर पाण्यातलं गवत बेसुमार माजलं, मोकळं पाणी कमी झालं, आणि ज्या बदकांसाठी बंदी घातली त्यांनाच जागा उरेना. मग गावकऱ्यांना आत जाऊन गवत कापून नेऊ द्यायची वेळ आली. काठावरची सगळी माणसं बाहेर काढली की पाणथळ आपोआप चांगलं राहतं, असं नसतं.

त्याच भरतपूरची दुसरी बाजू फार चांगली आहे. तिथे पाहुण्यांच्या मोटारी आत मिरवत नाहीत. पाहुणे पायी फिरतात, सायकल घेतात किंवा रिक्षात बसतात. रिक्षा चालवणारे तिथलेच लोक. त्यांना पाखरांची नावं शिकवली आहेत, तेच वाटाडे. मोटार बाहेर थांबली म्हणून पाहुणे कमी झाले नाहीत, आणि पाहुणा जितका हळू जातो तितका जास्त वेळ गावात राहतो. हे ऐकल्यावर आमच्या डोक्यात जरा उजेड पडला.

मग तिसरी बैठक झाली. त्या बैठकीत ठरलं ते असं.

छपरी पाण्याजवळून उठवायची आणि वर, डांबरी सडकेच्या फाट्यावर न्यायची. चापडगावकडे जाणारे पाहुणे तिथूनच जातात. पाणंदीच्या तोंडाशी पाटी लावायची. पाटीवर काय लिहायचं यावर तासभर गेला. ‘प्रवेश बंद’ नको, असं त्या तिघींनीच सांगितलं. बंद लिहिलं की उद्या तीच पाटी आपल्यालाही दाखवतील. शेवटी लिहिलं : ‘ही शेताची वाट आहे. पाखरं बघायला चापडगावच्या फाटकानं जावं.’ ग्रामपंचायतीला विचारून पाटी लावली, आणि रविवारी फाट्यावर छपरीत जी असेल तिनं तोंडानंही सांगायचं, असं ठरवलं.

सगळं गोड झालं का? नाही. मावशींचे मोटारी लावण्याचे पैसे बंद झाले. त्या म्हणाल्या, “पाखरं तुमची राहिली, वाट त्यांची राहिली, माझं काय राहिलं?” याला आमच्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. फाट्यावरच्या छपरीत भाकरीचं काम कायम मावशींकडे, आणि नफ्यात त्यांचा वाटा दीडपट, असं दोन हिवाळ्यांसाठी ठरवलं. त्यांचं पूर्ण भरून निघालं नाही. छपरीचंही पहिल्या महिन्यात उत्पन्न निम्म्यावर आलं आणि अंतर्गत कर्जाचे दोन हप्ते लांबले. नंतर शाळांच्या सहली आणि पाखरं मोजायला येणारे गट आदल्या दिवशी फोन करून नाश्ता सांगायला लागले, तेव्हा जरा सावरलं. अजून पहिल्याइतकं नाही. पण रविवारी सकाळी पाणंदीनं भोंगा वाजत नाही, आणि त्या तिघी भारा घेऊन मधून चालतात.

या सगळ्यातून एक काम आणखी निघालं. चापडगावहून आल्यावर आम्ही पाहुण्यांच्या वाटेबद्दल बायकांच्या नजरेनं विचार केला. आजींना मनोऱ्याच्या पायऱ्या चढवेनात. त्या खालीच बसून राहिल्या. तेव्हा वाटलं, वाट कशी असावी हे ठरवताना आजीला, पोटुशीला, कडेवर पोर असलेलीला आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला कुणी विचारतं का? म्हणून आम्ही एक यादी केली. तुमच्याही गावाजवळ तळं असेल, धरणाचा फुगवटा असेल, खाडी असेल, तर ही यादी उपयोगी पडेल.

वाट पाण्यापासून अंतर ठेवून असावी आणि मध्ये झाडोऱ्याचा किंवा कुडाचा आडोसा असावा. पाखरं दिसायला आडोशात जागोजागी खिडक्या ठेवता येतात, उभ्या माणसाच्या उंचीला एक आणि बसलेल्या माणसाच्या व पोरांच्या उंचीला एक. वाट पाण्याला चारी बाजूंनी वेढा घालणारी नसावी. एका बाजूनं माणसं आली, तर पाखरांना सरकायला दुसरी बाजू मोकळी लागते.

चाकाची खुर्ची जायला वाट निदान तीन फूट सपाट हवी. दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तर सहा फूट. चढ असेल तर फूटभर उंचीला बारा फूट लांबी, म्हणजे ढकलणाऱ्याला दम लागत नाही. थोड्या थोड्या अंतरावर टेकायला बाक आणि सावली. दलदलीवरून न्यायचीच असेल तर लाकडी फळ्यांची, खांबांवर उचललेली वाट, म्हणजे खालून पाणी वाहतं राहतं. भराव टाकून रस्ता केला, तर तो लहानसा बांधच होतो. एका बाजूला पाणी तुंबतं, दुसरी बाजू वाळते. आमच्याकडे तर पावसाळ्यात गोदावरीला पूर येतो, तेव्हा पुरात टिकेल किंवा काढून ठेवता येईल, असंच काही करावं लागेल.

आणि बायकांसाठी शौचालय, वाट सुरू होते तिथेच. हे आम्ही यादीत खाली लिहिलं होतं. आजींनी ते वर घ्यायला लावलं. सोय नसली की बाई पाणी पीत नाही, आणि पाणी न पिता बाई दोन तास उन्हात कशी चालेल?

ही यादी आम्ही महिला ग्रामसभेत मांडली. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हे विसरू नका. तिथे मांडलेलं इतिवृत्तात लिहून घ्या, म्हणजे ते मोठ्या ग्रामसभेपुढे जातं. आमच्या यादीबरोबर एक मागणी आणखी गेली : गवत कापणाऱ्या बिनशेतीच्या बायकांची नावं, त्यांची वाट आणि त्यांची वेळ ग्रामसभेनं लिहून घ्यावी आणि वनखात्याला कळवावी. परवानगी तोंडी नको, कागदावर हवी. सभेनं ठराव केला आहे. कागद अजून हातात आलेला नाही. दर महिन्याच्या बैठकीत पहिला विषय तोच असतो.

कुणी विचारेल, बायकांनी हे का करायचं? तर सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याकडे बघा. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ पासून पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. वल्ही स्वतः मारतात, झाडांची आणि पाखरांची माहिती स्वतः सांगतात. होडीला इंजिन नाही, त्यामुळे आवाज नाही. पाहुणा कुठवर जाणार, किती वेळ जाणार, हे त्या ठरवतात. म्हणजे वाट त्यांच्या हातात आहे. आमच्या गटातल्या दोन मुलींनी आता वाटाड्याचं काम शिकायचं ठरवलंय. एकीला सत्तर पाखरं ओळखता येतात, असं ती म्हणते. आजी तिची परीक्षा घेतात.

रामसरच्या करारात एक शब्द आहे, सुज्ञ वापर. जागा कुलूप लावून ठेवा, असं त्यात म्हटलेलं नाही. वापरा, पण ती उद्याही तशीच राहील असं वापरा. आपल्या गटाच्या पैशांचंही असंच असतं, नाही का?

जाता जाता काही गोष्टी. तुमच्याकडे पाहुणे आले आणि पाखरं बघायला निघाले, तर त्यांना एवढं सांगा : भडक कपडे नकोत, गाणी नकोत, कुत्रं बरोबर नको, ड्रोन नको. खायचं पाखरांना टाकू नका. एकामागे एक चाला, वाट सोडू नका, मान वर झाली की थांबा. आणि आमच्यासारखं उसाच्या पट्ट्यात गाव असेल, तर उजाडण्याआधी आणि अंधार पडल्यावर एकटीनं पाणंदीनं जाऊ नका. निफाडकडे उसात बिबट्या असतो, हे सांगायला नको.

या महिन्याच्या बैठकीत तीन प्रश्न घ्या. आपल्या गावाच्या पाण्याकडे कोणत्या वाटा जातात आणि त्यांवरून रोज कोण चालतं? त्यातल्या कुणाचा हक्क कागदावर आहे आणि कुणाचा नाही? आणि आपल्या गटाच्या धंद्यामुळे त्या वाटेवर कुणाला कडेला व्हावं लागतंय का? तिसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल. आम्हांला तीन हिवाळे लागले.

काय निघालं ते आम्हांला पत्रानं कळवा, किंवा केंद्रावर येऊन सांगा. थंडीत इकडे आलात तर फाट्यावर थांबा. शेंगोळे गरम असतील. पाखरं बघायला चापडगावच्या फाटकानं जा. आणि पाणंदीच्या तोंडाशी भारा घेतलेली एखादी ताई दिसली, तर आधी तिला जाऊ द्या.

नमस्कार.